नवव्या सीडीतली मेंढरं

आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. माझं बदनापूरला स्टेशन रोडवर झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. तिथे लॅमिनेशनचे वाया गेलेले तुकडे साठतात, तसेच हेही साठले. फेकू म्हणून बाजूला ठेवले, आणि आता कोणी चहाला बसलं की त्यातलाच एखादा काढून दाखवतो.

सुरुवात पारसभाऊंपासून. यांचं किराण्याचं होलसेल दुकान. यांच्या पुतणीचा नवरा स्लोव्हाकियात मोटारींच्या कारखान्यात आहे. काकांना सिनेमाचा नाद आहे एवढं पुतणीने लक्षात ठेवलं, आणि दिवाळीला येताना तिकडच्या सिनेमांची एक पेटी आणली. दहा सीडी. जुन्या रिळांवरचे ओरखडे काढून, धुऊन-पुसून नव्याने भरलेल्या. भाषा स्लोव्हाक, खाली इंग्रजी अक्षरं.

घरचे म्हणाले, शोकेसमध्ये ठेवा. पारसभाऊ म्हणाले, “आलेला माल उठला पायजे.” दुकानावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी एक सीडी, असं ठरलं. तेही नंबराप्रमाणे. मधलीच एखादी काढायची नाही.

*

इंग्रजी वाचायला गवळी सर होते. अख्खी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना बसून वाचता येत नाही. ते टीव्हीशेजारी उभे राहून खालची अक्षरं मराठीत सांगत.

पहिल्याच सिनेमात नदीकाठी एक जोडपं बसलं आणि सरांचा आवाज बंद झाला. पडद्यावर दोघं बोलताहेत, खाली अक्षरं पळताहेत, सर खिडकीबाहेर बघताहेत.

दिलीप आमचा टीव्ही मेकॅनिक, प्लेयर त्याचाच. तो म्हणाला, “सर, काय बोलून राह्यले ते?”

सर म्हणाले, “खाजगी आहे.”

ते खाजगी अकरा मिनिटं चाललं. मग ती बाई उठून निघून गेली, मागून पोस्टमन आला, आणि सरांनी घसा साफ केला. “आता सार्वजनिक.”

*

दुसऱ्या रविवारी दिलीपने रिमोटचं कुठलं तरी बटण दाबलं आणि पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ आली. रेघेच्या दोन्ही बाजूंना तोच माणूस, तेच शेत. फक्त डावीकडे रेघोट्या आणि डाग, उजवीकडे लख्ख. बोलणं काहीच नाही.

आम्ही चुपचाप पाहिलं. चार-पाच मिनिटांत संपलं. सर म्हणाले, “फार प्रतीकात्मक आहे. माणसाचं अर्धं आयुष्य मळतं, अर्धं निर्मळ राहतं.”

पारसभाऊंना ते पटलं नाही. “तसं काय न्हाई. डाव्या अंगाला पाऊस हाये, उजव्या अंगाला न्हाई. आपल्या तालुक्यात बी असंच पडतं.”

यावर अर्धा तास चर्चा झाली. मग दिलीपने पेटीतला कागद सरांना दिला. सरांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. सिनेमा धुण्याआधी कसा होता आणि धुतल्यावर कसा झाला, त्याचा तो नमुना होता. सिनेमा अजून सुरूच झाला नव्हता.

*

त्याच आठवड्यात भागाजी आबा आमच्यात आले. आबा शेजारच्या गावचे, जातीचे मेंढपाळ. आधार कार्ड लॅमिनेट करायला ते माझ्या दुकानात आले होते. पारसभाऊंच्या पेटीचा कागदही लॅमिनेशनला आलेला होता. त्यावर दहाही सिनेमांची चित्रं होती. नवव्या चित्रात डोंगर, मेंढरं आणि काठी घेतलेला म्हातारा.

“हे कुठले मेंढरं?” आबांनी विचारलं.

सर तिथेच होते. त्यांनी वाचून दाखवलं, “म्हातारा मेंढपाळ. त्याचा मुलगा शहरात राहतो. कळप विकून माझ्याकडे या, म्हणून त्याच्या मागे लागलाय.”

आबांनी कागद जवळ ओढला. त्यांचा मुलगा संतोष जालन्याला कारखान्यात आहे. आबांचे गुडघे गेलेत, चाळीसेक मेंढरं विकून त्यांनी जालन्याला यावं, म्हणून तोही वर्षभर मागे लागला होता. शहागडचा व्यापारीही त्याने बघून ठेवला होता.

“मंग काय केलं त्यानं?” आबा म्हणाले.

“ते लिहिलेलं नाही. बघावं लागेल.”

त्या संध्याकाळी आबांनी संतोषला सांगितलं, “त्या म्हाताऱ्यानं काय केलं ते पाहातो, मंग सांगतो.”

*

नववी सीडी यायला सात रविवार होते. आबा एकही चुकले नाहीत. सिनेमा सुरू झाला की विचारायचे, “याच्यात मेंढरं हायेत का?” सर म्हणायचे, “नाहीत.” आबा म्हणायचे, “चालू द्या.”

संतोष पारसभाऊंकडे आला. “काका, या रविवारी नववी लावा ना.”

“बेटा, पाचवी चालू हाये.”

“मंग एका दिवशी दोन लावा.”

“डोळ्याला अपचन होतं,” पारसभाऊ म्हणाले.

शेवटी त्याने सरांना गाठलं. “सर, सिनेमात काय बी होऊ द्या, तुमी म्हाताऱ्यानं मेंढरं इकले असंच वाचा. आबाच्या गुडघ्यासाठी सांगून राह्यलो.”

पोरगा वाईट नव्हता. आबा उठताना भिंत धरतात हे आम्हीही पाहत होतो. पण सर दोन दिवस जेवले नाहीत नीट. “मी परीक्षेत कधी कॉपी करू दिली नाही,” एवढंच म्हणत राहिले.

*

मधल्या काळात आम्हाला खरा त्रास झाला तो कमलवहिनींचा. पारसभाऊंच्या या पत्नी चहा घेऊन वर यायच्या, दाराशी उभं राहून पाच मिनिटं बघायच्या आणि जाता जाता शेवट सांगून टाकायच्या.

“ही त्याच्याशी लग्न न्हाई करणार. याची आई पाहिली का?”

नाही केलं. “हा नोकरी सोडून गावाकडं जाईल.” गेला. सरांचं भाषांतर न ऐकता त्यांनी लागोपाठ चार सिनेमे बरोबर ओळखले. सातव्यापासून आम्ही चहा खाली जाऊन प्यायला लागलो.

*

नववीच्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. संतोष रजा टाकून आलेला, आणि खाली दुकानात शहागडचा व्यापारी चहा पीत बसलेला. आबा अगदी पुढे, काठी मांडीवर आडवी.

सिनेमा संथ होता. डोंगर, धुकं, म्हातारा. शहरातून मुलगा येतो, समजावतो, जातो. पुन्हा येतो. शेवटी एक ट्रक आला, मेंढरं एकेक करून फळीवरून वर चढली. म्हातारा बसमध्ये खिडकीशी बसला. सरांचा आवाज बारीक झाला होता, पण म्हातारा जे बोलला तेच त्यांनी वाचलं. “बरं झालं. आता पाय दुखणार नाहीत.”

अक्षरं वर सरकू लागली. संतोषने मोठा श्वास सोडला. “इकले आबा त्यानं.”

आबा उठले नाहीत. “दिलीप, ट्रकपासून पुन्हा लाव.”

दिलीपने लावलं. मेंढरं पुन्हा फळीवरून चढली. आबा पुढे वाकून बघत होते. मग म्हणाले, “अजून एकडाव.”

तिसऱ्यांदा मेंढरं चढली. आबांनी भिंत धरली, उठले आणि मुंडासं नीट केलं.

“एकानं बी मागं वळून पाह्यलं न्हाई,” ते म्हणाले. “त्याचे न्हाईतच ते. दुसऱ्याचे मेंढरं कोन्ही बी इकतं.”

आणि एकेक पायरी धरत खाली गेले. व्यापारी उठून उभा राहिला.

“चहा झाला का?” आबांनी विचारलं.

“झाला.”

“मंग निघा तुमी. मला बी उशीर झाला. मपले मेंढरं वाट पाहून राह्यले असतीन.”