गच्चीवरच्या दोन काचा

एम.एस्सी. झाल्यावर जवळजवळ दीड वर्ष मी पनवेलला घरीच बसून होते. विषय भौतिकशास्त्र, मार्क चांगले, पण नोकरी कुठे लागत नव्हती. रोज दुपारी पोस्टमन आला की आई आणि मी दोघी दारात जायचो. तिला माझ्यासाठी आलेल्या स्थळांची पत्रं हवी असायची, मला मुलाखतीची. बहुतेक वेळा दोघींनाही काही नसायचं आणि विजेचं बिल तेवढं असायचं.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. आमचं घर दुमजली होतं. खालचा मजला आमचा, वरचा काकांचा, आणि गच्ची दोघांची मिळून. काका नात्याने कोणी नव्हते. बाबांनी आणि त्यांनी एकत्र प्लॉट घेऊन हे घर बांधलं होतं, एवढंच नातं. पण ते सख्ख्याहून घट्ट होतं. काका रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले, अलिबागकडच्या ज्यू कुटुंबातले. घरात आमच्यासारखंच मराठी बोलायचे. त्यांचे भाऊ-बहीण एकेक करून इस्राएलला गेले होते, मुलगीही लग्न होऊन तिकडेच होती. काका मात्र पनवेल सोडायचं नाव काढत नसत. बाबा तळोज्याला एका कारखान्यात विजेच्या खात्यात होते. दोघांच्या वयात पंधरा वर्षांचं अंतर होतं. काका बाबांना अरे-तुरे करायचे, बाबा त्यांना अहो-जाहो.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या भागातली वीज सारखी जात होती. दर आठवड्याला दुरुस्तीसाठी दिवसभर, शिवाय अधूनमधून कधीही. काकूंना उकाडा सोसत नसे. त्या जिन्यात येऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसायच्या. ते बघून बाबांच्या डोक्यात आलं की गच्चीवर सूर्यावर चालणारी वीज बसवावी. दोन्ही घरांना एक-एक दिवा आणि एक-एक छोटा पंखा, बस. मुंबईला एका प्रदर्शनात जाऊन ते नमुन्याचं एक पॅनेल घेऊन आले. तपकिरी रंगाची मोठी काच, आणि तिच्यावर वरून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा. आईने विचारलं, हे टीपॉयला बसवायचं का. बाबांना ते आवडलं नाही.

गंमत अशी की काकांनीही मुलीला पत्रात हा विषय लिहिला होता. तिकडे घरोघरी छपरावर सूर्यावर पाणी तापवतात, तेव्हा विजेचंही काही मिळत असेल, असा त्यांचा हिशेब. महिन्याभराने त्यांची एक भाची सुट्टीला आली आणि तिच्या बॅगेतून, टॉवेलांत गुंडाळलेलं दुसरं पॅनेल निघालं. हे आकाराने निम्मं, गडद निळं, आत गोल कोपऱ्यांच्या चकत्या ओळीने मांडलेल्या. त्यांचं नवं वर्ष नुकतंच झालं होतं. काकूंनी गव्हाच्या चिकाचा हलवा खाली पाठवला आणि हलव्याच्या मागोमाग काका पॅनेल घेऊन स्वतः आले.

दोन्ही पॅनेलांच्या पाठीवर वीस वॅट लिहिलेलं होतं. बाबा म्हणाले, आपलं मोठं आहे, जास्त ऊन झेलेल. काका म्हणाले, लहान असून तेवढंच देतं म्हणजे चांगलं कुठलं ते उघड आहे. दोन्ही घरांसाठी आणखी सहा पॅनेलं मागवायची होती, आणि ती कुठल्या जातीची मागवायची यावर दोन दिवस जिन्यातून वर-खाली वाद चालला. शेवटी काका म्हणाले,

"भांडून काय होणार? घरात एम.एस्सी. झालेली मुलगी आहे. ती मोजेल आणि ती सांगेल ते आपण दोघं ऐकू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "कबूल."

दीड वर्षात मला कोणी काही गंभीरपणे विचारलं नव्हतं. मी लगेच माझ्या जुन्या कॉलेजात गेले आणि प्रयोगशाळेतल्या सरांकडून दोन अ‍ॅमीटर मागून आणले. काट्याचे, लाकडी पेटीतले. गच्चीच्या उत्तरेच्या बाजूला विटा रचून दोन्ही पॅनेलं शेजारी-शेजारी, दक्षिणेकडे तोंड करून, एकाच कलात टेकवली. काकांनी कोनमापक आणून कल तपासला. दोन सारख्या बॅटऱ्या खाली ठेवल्या. सकाळी नऊ, अकरा, एक, तीन आणि पाच अशा पाच वेळा मी काटा बघायचा आणि वहीत लिहायचं, असं ठरलं.

नियमांवरून मात्र पहिल्याच आठवड्यात कुरबुर झाली. काका सकाळी जुन्या बनियनने आपली काच चकचकीत पुसून ठेवतात हे बाबांच्या लक्षात आलं. त्यावर काकांनी सांगितलं की तळोज्याकडून वारा आला की काचेवर कारखान्यांच्या धुळीचा थर बसतो, आणि तळोज्याला कोण जातं ते सगळ्यांना माहीत आहे. मग दोन्ही काचा मीच, एकाच फडक्याने पुसायच्या असं ठरलं. दुसरा प्रश्न शनिवारचा होता. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार, त्या दिवशी काका कामाला हात लावत नसत, गच्चीवरही यायचे नाहीत. बाबांना वाटलं, त्या दिवशीचे आकडे धरूच नयेत, नाहीतर नंतर म्हणतील माझ्या मागे काय झालं कोण जाणे. काकांना हे कळलं तेव्हा ते आमच्याकडे येऊन शांतपणे म्हणाले की मुलगी वर असताना त्यांनी तिथे असायची गरज नाही. बाबा जरा खजील झाले.

ऑक्टोबरभर बाबांचं पॅनेल पुढे होतं. नुसतं पुढे नाही, पाठीवर लिहिलं होतं त्याहून जास्त देत होतं. बाबा कामावरून आले की चपला काढायच्या आधी वही मागायचे. काका मात्र माझ्या मागे उभे राहून काटा बघायचे आणि खाली जायचे.

नोव्हेंबर अर्धा सरला आणि काकांचं पॅनेल दुपारी भलतंच मागे पडायला लागलं. एक वाजता ठीक असायचं आणि तीन वाजता निम्म्यावर. ऊन तर लख्ख. काकांनी तारा बदलल्या, जोड घासून पुन्हा बांधले. काही फरक पडेना. मग एक दिवस ते मला जिन्यात थांबवून म्हणाले की दुपारी गच्चीवर कोण जातं त्यावर जरा लक्ष ठेव. त्यांनी नाव घेतलं नाही. पण बाबांची त्या आठवड्यात पहिली पाळी होती आणि ते अडीचच्या आत घरी येत होते. हे बोलणं बाबांपर्यंत कसं गेलं मला माहीत नाही. पण गेलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

घर एक आणि जिना एक. एकजण उतरताना दिसला की दुसरा दारातच थांबायचा. काकू आणि आई यांचं मात्र सगळं सुरळीत चालू होतं. वाट्या वर जात होत्या, वाट्या खाली येत होत्या. आई मला म्हणाली, तुझ्या त्या काचा एकदा भंगारात दे म्हणजे सुटू सगळे.

मी ठरवलं, काही झालं तरी कारण शोधायचंच. दुसऱ्या दिवशी जेवून, डोक्यावर ओढणी घेऊन मी गच्चीवर दीड वाजल्यापासून बसून राहिले. समोर काकांचा अ‍ॅमीटर. कोणी आलं नाही. अडीचच्या सुमाराला काटा आपोआप खाली सरकायला लागला. आकाशात ढग नव्हता. मी उठून पॅनेलजवळ गेले. निळ्या काचेच्या कडेवर काठीएवढी बारीक सावली चढत होती. मी मागे वळून पाहिलं. ती आमच्या टीव्हीच्या अँटेनाच्या खांबाची होती. ऑक्टोबरात सूर्य वर असताना सावली आखूड होती, पॅनेलपर्यंत पोचत नव्हती. थंडीच्या दिवसांत सूर्य खाली उतरला आणि ती लांबली.

पण एवढ्याशा सावलीने निम्मी वीज जावी हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात, सावली नसताना, मी खालून फूटपट्टी आणली आणि ती निळ्या काचेवर आडवी धरली. काटा धाडकन खाली आला. तीच पट्टी बाबांच्या तपकिरी काचेवर आडवी धरली तर काटा जेमतेम हलला. तेव्हा उलगडा झाला. निळ्या पॅनेलातल्या चकत्या एकामागे एक जोडलेल्या होत्या. नळीत एके ठिकाणी बोळा बसला की मागचं सगळं पाणी अडतं, तसं एका चकतीवर सावली आली की सगळ्यांचा प्रवाह अडत होता. तपकिरी पॅनेलातल्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत लांब होत्या, आडवी सावली प्रत्येकीवर थोडी-थोडीच पडायची.

मी आनंदाने वही घेऊन बसले आणि दुपारचे आकडे सोडून बाकीचे जुळवले. तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. बाबांचं पॅनेल हळूहळू उतरत होतं. पहिल्या आठवड्यातला दुपारी एकचा आकडा आणि आताचा यांत बराच फरक होता, आणि तो फरक नुसत्या थंडीच्या उन्हाचा नव्हता, कारण त्याच वेळचा काकांचा आकडा एवढा उतरला नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मासिकं चाळली. एका लेखात मिळालं. या तपकिरी जातीचं पॅनेल नवं असताना जास्त देतं, उन्हात काही महिने राहिलं की खाली येतं आणि मग स्थिरावतं. म्हणजे बाबांचं पुढे असणं नवेपणाचं होतं, आणि काकांचं मागे पडणं आमच्या अँटेनाचं.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. बाबांनी मला शिकवलं होतं, फी भरताना कधी कुरकुर केली नव्हती, आणि नोकरी लागत नाही म्हणून एक शब्दही बोलले नव्हते. त्यांचं पॅनेल हरलं हे त्यांना मी सांगायचं होतं. पण काका शनिवारी गच्चीवर न येता घरात बसून राहायचे तेही माझ्याच भरवशावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी मी वही बाबांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पानं उलटसुलट करून पाहिली.

मग म्हणाले, "काकांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुम्हाला."

"मग मीच सांगतो."

ते वही घेऊन जिना चढले. वर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने काकूंनी वरून आईला हाक मारून सांगितलं की हे दोघं आज इथेच जेवतायत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी उठून पाहिलं तर दोघं गच्चीवर, बाबांच्या हातात पाना आणि काका अँटेनाचा खांब धरून उभे. खाली आई टीव्हीसमोर बसली होती. तिची रविवारची मालिका सुरू होणार तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. तिने खिडकीतून हाक मारली तेव्हा बाबा वरून म्हणाले, दहा मिनिटं. ती दहा मिनिटं दुपारपर्यंत चालली. खांब उत्तरेच्या कठड्याला, पॅनेलांच्या मागे गेला आणि चित्र आलं तोवर मालिका संपून गेली होती. त्या दिवशी आईने दोघांनाही आमटी-भात वाढला आणि मला एकटीला मासे.

त्यानंतर मी आणखी तीन आठवडे मोजलं. काकांचं पॅनेल पुढे गेलं ते पुढेच राहिलं. मी दोघांना समोर बसवून निकाल सांगितला: जागा कमी असेल आणि बरीच वर्षं टिकायला हवं असेल तर निळं घ्यावं, पण त्यावर कसलीही सावली चालणार नाही. तपकिरीही वाईट नाही, अर्धवट सावलीत ते बरं चालतं. काकांनी मान हलवली. म्हणाले, रेल्वेत इतकी वर्षं काढली, पण असा नीट रिपोर्ट फार थोड्या साहेबांनी लिहिला. बाबांनी त्याच आठवड्यात निळ्या जातीची सहा पॅनेलं मुंबईहून मागवली.

फेब्रुवारीत मला एका पॉलिटेक्निकची मुलाखत आली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, पुस्तकातले प्रयोग सगळेच करतात, स्वतःहून कधी काही मोजलं आहे का. मी वही सोबत नेली नव्हती, पण आकडे पाठ होते. मी अँटेनाच्या सावलीपासून सुरुवात केली. पाच मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली आणि शेवटी ते गृहस्थ स्वतःच्या घराच्या गच्चीबद्दल मला विचारायला लागले. जूनपासून प्रयोगशाळेत रुजू व्हा, असं पत्र आलं तेव्हा पोस्टमन अजून दारातच होता आणि आईने ते माझ्याआधी फोडलं होतं.

त्यानंतरच्या मे महिन्यात एका दुपारी क्रिकेटचा सामना रंगात असताना अख्ख्या गल्लीची वीज गेली. आमच्याकडे आणि काकांकडे पंखे चालू राहिले, पण टीव्ही त्या बॅटऱ्यांवर चालत नसे. बाबांनी तपकिरी पॅनेल आपल्यासाठी ठेवून घेतलं होतं. ते त्यांनी घरासमोरच्या ओट्याशी आणून अंगणातल्या जांभळाच्या झाडाच्या कवडशांत टेकवलं आणि त्याला रेडिओ जोडला. कॉमेंट्री सुरू झाली तशी शेजारची माणसं एकेक करून कुंपणाशी आली, मग ओट्यावर बसली. कोणी पायरीवर, कोणी चपलांवर. काकांना क्रिकेट कळत नसे, तरी तेही खुर्ची घेऊन आले आणि येणाऱ्या प्रत्येकाला वीज कुठून येते ते समजावून सांगत बसले. आईने दोनदा पन्हं केलं. बाबा पॅनेलजवळ उभे होते, ऊन सरकेल तसं ते थोडं-थोडं वळवत, आणि सामना संपेपर्यंत ते काही खाली बसले नाहीत.