शिंगांखालचा फोटो

नवऱ्याने हंगेरीत रीतसर परवाना काढून मारलेल्या हरणाचं डोकं आखातातल्या अल हिलाल भागातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये आहे. त्यावरून शेजारणीने इथल्या मराठी मंडळभर उठवलं, की आम्ही घरात हरीण शिजवतो. माझ्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी वाण घेतलं, पण शेजारणीचं बघून तिळगुळाला कोणी हात लावला नाही. ठीक आहे. तिळगूळ घेतला नाही, तर गोड बोलायचं बंधन मलाही नव्हतं.

दिवाळीच्या फराळाला आलेल्या तिच्या नवऱ्याने त्याच शिंगांखाली, माझ्या नवऱ्याची टोपी घालून, माझ्याकडून फोटो काढून घेतला होता. आपणच शिकार केली, असं पुण्यात सांगायला. बायका जाताच मी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "भावजी, तुमचं हरीण आमच्या भिंतीवरून कधी नेताय?"