एका बाहीचा रॅक

टेलर मास्तर स्वतःच्या गाडीत डिकीतून शिरत. गॅरेज एका गाडीपुरतं होतं. त्यात गाडी होती आणि दोन बाजूंना दोन सायकली, त्यामुळे गाडीचं एकही दार चार बोटांच्या वर उघडत नसे. डिकी तेवढी मोकळी. रोज सकाळी नऊ वाजता मास्तर डिकी उघडत, मागच्या सीटवरून सरपटत पुढे जात, स्टिअरिंगशी बसून केस सारखे करत आणि दुकानाकडे निघत. आधी सायकली बाहेर काढाव्यात हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. पण त्यांनी सायकलींना सुटाच्या कापडाच्या खोळी शिवल्या होत्या, अस्तराच्या, आतून खिसा असलेल्या, आणि त्या बाहेर मळल्या असत्या.

हे नऊ वर्षं चाललं होतं. सायकली घेतल्या होत्या गावाबाहेरच्या तळ्याला नवराबायकोने मिळून चक्कर मारायची म्हणून. तळं चौदा किलोमीटरवर. तिथवर सायकली न्यायच्या तर गाडीला रॅक हवा, आणि मास्तर नऊ वर्षं रॅक निवडत होते.

मग त्यांच्या बायकोच्या, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या काकूंच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली.

"अहो, तीन आठवड्यांनी मंगळवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, नंतर सहा महिने सायकलचं नाव काढू नका, आणि पुढचं आत्ताच सांगता येत नाही. मला आदल्या रविवारी तळ्याला चक्कर मारायची आहे. पूर्ण."

"बघतो."

"बघू नका. आणा."

मास्तर गाडी घेऊन सायकलवाल्याच्या दुकानी गेले. दुकानदाराने विचारलं, रॅक टपावरचा हवा, मागच्या हुकाचा, की डिकीला पट्ट्यांनी बांधायचा? मास्तरांनी टपावरचा नाकारला. काकूंनी सायकल डोक्यावर उचलायची म्हणजे दुसरंही ऑपरेशन आलं. हुकाचा नाकारला, कारण गाडीला हुक नव्हता. डिकीच्या रॅकची पट्टी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली.

"शिलाई कच्ची आहे."

"मास्तर, तीस किलो पेलते ती."

"पेलेल हो. पण दिसते का चांगली?"

मग त्यांनी गळ्यातली टेप काढून गाडीची मापं घेतली. मागची रुंदी घेताना सवयीने म्हणाले, "श्वास सोडा." गाडीने काही केलं नाही. मास्तरांनी वहीत दोन इंच लूज धरले.

"ट्रायल कधी देणार?"

"रॅकची ट्रायल नसते, मास्तर."

"आणि बसला नाही तर?"

"बसणार म्हणजे बसणार."

"मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतोय, म्हणून विचारलं."

पट्टीवर पक्की शिलाई कोणत्या रंगाच्या दोऱ्याने मारायची, यात आणखी दोन आठवडे गेले. शेवटी ऑर्डर लिहायची वेळ आली. गॅरेजच्या भिंतीला सायकल टांगायचं स्टँडही त्यातच होतं. दुकानदाराने विचारलं, "सायकली किती?"

मास्तर म्हणाले, "एक लिहा."

"एकच ना?"

"एकच लिहितात हो. एक बाही मोजली की दुसरी तशीच असते."

दुकानदाराने मान डोलावली आणि दोन्हीकडे 'एक' लिहिलं. दोघांचंही आपापल्या धंद्याच्या हिशेबाने बरोबर होतं.

शनिवारी माल आला. घरासमोर गाडी उभी करून मास्तरांनी डिकीला रॅक बांधला, भिंतीला स्टँड ठोकलं. दोन्ही झकास बसले, एकेका सायकलीपुरते. काकूंची सायकल रॅकवर चढली. मास्तरांची गॅरेजच्या भिंतीवर उंच टांगली गेली, खोळीसकट, एखाद्या न नेलेल्या सुटासारखी.

"अहो, तुमची?"

मास्तरांनी बराच वेळ वही चाळली. "असं करू," ते म्हणाले, "निम्मं तळं तू, निम्मं मी. पंपहाऊसपाशी मध्य येतो. तिथे मी गाडी घेऊन थांबतो."

"मी पूर्ण म्हटलं होतं."

"तुझ्या गुडघ्याला निम्मंच बरं."

"बघते," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी मास्तर पंपहाऊसपाशी उभे होते. खास शिवलेली पँट, तिला इस्त्रीची धारदार घडी, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी बटण. अर्ध्या तासाने वळणावर काकू दिसल्या. चेहरा लाल, पदर कमरेला घट्ट खोचलेला, दुखरा गुडघा जरा बाहेर. मास्तरांनी हात वर केला. काकूंनी घंटी वाजवली. मास्तरांना वाटलं, आता ब्रेक लागेल. काकूंनी पुन्हा घंटी वाजवली.

"अगं, निम्मं झालं!"

"बाजूला व्हा! एका बाहीनिशी घरी जाऊ का मी?"

आणि गेल्या. मास्तर घडीच्या पँटीत पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग गाडी घेऊन जिथून सुरुवात केली होती तिथे परत आले. काकू बऱ्याच वेळाने पोचल्या. कठड्यावर बसून त्यांनी गुडघा दोन्ही हातांत धरला आणि "किती मस्त!" एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी वही काढली, बायकोच्या पानावर 'तळं' लिहिलं आणि पुढे, तीस वर्षांत पहिल्यांदा, एका बाजूचं नाही, पूर्ण माप.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलला निघायचं होतं. काकूंनी बजावलं होतं, रॅक आणि सायकल सहा महिने गाडीवरून उतरवायची नाही. मास्तर गॅरेजमध्ये सवयीने डिकीपाशी गेले. समोर सायकल. त्यांनी चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावून पाहिलं आणि खाली वाकायला लागले.

काकूंनी काठी टेकत पुढे होऊन गाडीचं दार उघडलं. ते पूर्ण उघडलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे इकडे असतं."