बुधवारच्या बस्त्यात माझा जन्म

अकोल्याच्या फलाटावर उतरताना मी ठरवलं होतं, की तासाभरात काम उरकायचं आणि दुपारची परतीची गाडी गाठायची. एकोणीसशे साठ उलटून चारपाच वर्षं झाली होती. पुण्यात सरकारी नोकरीसाठी माझी निवड झाली होती. फक्त जन्माच्या नोंदीची नक्कल सोमवारी साहेबांपुढे ठेवायची, नाहीतर जागा दुसऱ्याची. जन्म तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातला, पण तिसऱ्या वर्षीच मामाने पुण्याला नेलेलं. त्यामुळे वऱ्हाडी बोली ऐकली की मला हसू यायचं, एवढा मी शहाणा.

स्टेशनाबाहेर आलूबोंडा (आपला बटाटेवडाच, तिखट मात्र आपलं नव्हे) खाल्ला आणि डोळे पुसत जुन्या नोंदी ठेवलेल्या जिल्हा कचेरीत शिरलो.

दफ्तरखाना पाहून छातीच दडपली. जमिनीपासून आढ्यापर्यंत बस्ते (लाल फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी). गावोगावच्या कोतवालांनी, पटवाऱ्यांनी, कारकुनांनी वर्षानुवर्षं भर घातलेली. मागच्याने काय केलं ते पुढच्याला सांगायचं नाही, हा एकच नियम सगळ्यांनी इमानाने पाळलेला. पाहायला मोकळीक कोणालाही होती. सापडण्याची हमी कोणी देत नव्हतं.

तिथले दफ्तरी, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, स्टुलावर तंबाखू मळत होते. मी त्यांना अकारविल्हे मांडणीचे फायदे समजावून सांगितले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक बस्ता माझ्यापुढे टाकला. त्यात माझ्यासारख्याच शहाण्यांनी करायला घेतलेल्या अनुक्रमणिका होत्या. एकही 'च'च्या पुढे गेलेली नव्हती.

तीन तास धूळ खाल्ल्यावर दफ्तऱ्यांना माझी कीव आली.

"बाजार कोन्त्या दिवशी असते तुमच्या गावचा?"

कागद पूर्वी त्या त्या गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी गोळा होत, म्हणून बस्तेही वारांप्रमाणे लावलेले. वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही आपल्या बाजाराचा वार ठाऊक असतो. मला नव्हता.

धावत मोटारस्टँडवर गेलो आणि तेल्हाऱ्याच्या गाडीपाशी माझ्या गावचं कोणी आहे का, विचारत सुटलो. टोपलीवर हात ठेवून बसलेली एक म्हातारी निघाली. कोणाचा म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी वडिलांचं नाव सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बापाचंच तोंड हाय. बाजार बुधवारचा. काहून, आता आठवला तुले बाजार?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बुधवारच्या बस्त्यात पाच मिनिटांत नोंद सापडली. तारीख, वडिलांचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा'. तेव्हा बारसं व्हायच्या आधीच नोंद होत असे म्हणे.

दफ्तरी म्हणाले, "हा मुलगा तुमीच, हे कोन सांगन?"

पुन्हा स्टँड गाठला. म्हातारी गाडीत चढून बसली होती, कंडक्टर घंटी मारायच्या बेतात. मी काकुळतीला येऊन सांगितलं. ती टोपली घेऊन उतरली. पुढची गाडी संध्याकाळची होती. कचेरीत तिने हा त्याचाच पोरगा म्हणून सांगितलं, नकलेवर अंगठा उठवला, आणि कारकुनाने शेजारी तिचं नाव लिहिलं. मला तेवढ्यात दुपारच्या गाडीची घाई.

सोमवारी साहेबांनी कागद पसंत केले. सही करता करता अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून विचारलं, ही बाई कोण तुमची? माझ्यासाठी तिने गाडी सोडली होती, आणि तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं. ते मी साहेबांसमोर कागदावरून वाचून सांगितलं.