एकच मुलगी उभी राहिली

डॉ. वासंतीताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती. साताऱ्याजवळच्या आमच्या कन्याशाळेत त्या मिरजेहून मुलींचे डोळे तपासायला आल्या होत्या. सातवीतली रूपाली मान कलती करून फळ्याकडे बघे आणि मी तिला रोज ‘मान सरळ’ म्हणून दटावत असे. ताईंनी तिचे डोळे आळीपाळीने झाकून पाहिले, छोट्या बॅटरीचा उजेड टाकला आणि मला बाजूला बोलावले.

“बाई, मान कलती केली की तिला एक अक्षर दिसतं. तुम्ही सरळ करायला लावता, तेव्हा दोन-दोन. तुमच्या धाकानं ती दोन-दोन वाचत होती.”

मी ओशाळले नाही, संतापले. शेवटची मुलगी गेल्यावर त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे बोट केले. “आता तुम्ही बसा.”

“मी शिक्षिका आहे. मला तपासायची गरज नाही.”

“आहे,” त्या म्हणाल्या.

माझा डावा डोळा लहानपणापासून आत वळलेला. घरी त्याला भाग्याचा डोळा म्हणत, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेले नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी “तू सांग” म्हटले की दोन मुली उठत, किंवा एकही नाही, आणि मागे हसू फुटे. तेव्हापासून मी फक्त हजेरीचे क्रमांक पुकारले. “सतरा, उत्तर दे.” बाई कडक, असे नाव झाले. ते सोयीचे होते. शिक्षकांच्या खोलीत मी बोलू लागले की समोरची व्यक्ती मागे वळून बघे, या कोणाशी बोलताहेत म्हणून. मग मी बोलणेच कमी केले.

रूपालीच्या ऑपरेशनला तिच्या आजीचा नकार होता. “आवं, देवानं दिल्याली मान हाय. ऱ्हाऊ द्या की वाकडी.” ताई मिरजेहून पुन्हा आल्या, आजीच्या ओसरीवर बसल्या. “आजी, मान सरळ धरली की पोरीला दोन आज्या दिसतात.”

“आगं बया! एकच लय झाली की तिला!” आजी हसल्या आणि तयार झाल्या. रूपालीची मान पुढे सरळ झाली. मी तिला दटावल्याबद्दल कधी काही बोलले नाही. बोलायला हवे होते.

त्यानंतर ताई दरवर्षी शाळेत येत आणि जाताना मला माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे विचारत. खोटी आशा त्यांनी कधीच लावली नाही. “त्या डोळ्याची दृष्टी आता येणार नाही. लहानपणी चांगला डोळा झाकून त्याला कामाला लावलं असतं, तर आली असती. डोळे सरळ मात्र होतील.”

“या वयात नटायचं कशाला?”

“नटायचं नाही हो. समोरच्याला कळायला नको, की तुम्ही त्याच्याकडे बघताय?”

निवृत्तीला वर्ष उरले तेव्हा मी ऑपरेशनसाठी एकटीच मिरजेला गेले. “सोबत कोण?” परिचारिकेने विचारले. मी कोणाचे नाव सांगणार? संध्याकाळी आपले रुग्ण तपासून झाल्यावर ताई स्वतः दहीभाताचा डबा घेऊन आल्या आणि मला वर्तमानपत्र वाचून दाखवत बसल्या. छोट्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी काढली, समोर बसल्या आणि माझ्या डोळ्यांत सरळ बघत राहिल्या. आधी मीच खाली बघितले. मला सवय नव्हती.

शाळेत परतल्यावर पहिल्याच तासाला मी फळ्यावरून वळले आणि क्रमांक न घेता म्हणाले, “तू सांग.” खिडकीजवळची एकच मुलगी उभी राहिली. मी जिच्याकडे बघत होते, तीच.

पुढचे आठ महिने मी एकदाही क्रमांक पुकारला नाही. त्याआधीच्या तीस वर्षांतल्या मुली मात्र मला सतरा, बावीस, एकतीस अशाच आठवतात. बाजारात कोणी वाकून नमस्कार करते आणि मला नाव सांगता येत नाही. याचा दोष ताईंचा नाही. त्यांनी बरीच वर्षे आधी विचारले होते.

पंच्याहत्तराव्या वर्षीही ताई बॅटरी घेऊन कुंडलपासून पाचगणीपर्यंतच्या शाळांत जातात. त्यांचा हात असाच स्थिर राहो, पाय थकू नयेत, पुष्कळ वर्षे त्यांनी मुलींना आणि हट्टी बायांना त्या स्टुलावर बसवावे. पंच्याहत्तरीनिमित्त त्यांचा गौरव होणार आहे; त्या दिवशी त्या व्यासपीठावर असतील, मी खाली गर्दीत एकटी असेन. मी त्यांच्याकडे बघेन. त्यांना ते कळेल.