टाळ्या कुणाच्या?

बहात्तरच्या दुष्काळात पिशोरच्या सुगंधाबाईनं शहरातल्या सरकारी दुष्काळी कामावर डोक्यावरून दगड वाहिले, त्यातून खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या उभ्या राहिल्या. धाकटी जाऊ केवडाबाई तेव्हा पोटुशी होती, म्हणून तिला मजुरांना पाणी पाजायचं हलकं काम मिळालं. पुढं शहर वाढलं, केवडाबाई तिथल्याच उस्मानपुऱ्यात राहायला गेली, आणि सुगंधाबाईची नात प्रांजली कॉलेजसाठी तिच्याकडंच राहिली. ती केवडाबाईलाही आजीच म्हणू लागली. ते सुगंधाबाईला काट्यासारखं सलायचं.

प्रांजलीच्या नाटकाला दोघी त्याच पायऱ्यांवर शेजारी बसल्या.

"आम्हीच बांधलं हे," केवडाबाई मागच्या बाईला सांगत होती.

"व्हय, तू पाणी पाजून बांधलंस!"

नाटक संपल्यावर प्रांजली माइकवर म्हणाली, "हे नाट्यगृह बांधणारी माझी आजी इथंच बसलीय."

केवडाबाई टुणकन उठली. टाळ्या सुरू झाल्या. तिला खाली ओढायला सुगंधाबाईनं तिचा दंड धरला. पण स्वतःचे गुडघे धरलेले, त्याच दंडाच्या आधारानं सुगंधाबाईच उभी राहिली.

"दमानं, अक्का, पडताल," केवडाबाई म्हणाली.

"काय माया आहे!" मागची बाई म्हणाली.

दंड न सोडता सुगंधाबाई पुटपुटली, "बस आता खाली. टाळ्या माझ्या हायेत."