नाव न सांगणाऱ्या बाई

‘आज काय शिकलास?’ डाव ताटावर तसाच धरून त्या विचारायच्या. उत्तर दिल्याशिवाय बटाटे ताटात पडायचे नाहीत. जर्मनीतल्या येना शहराच्या विद्यापीठातल्या आमच्या कँटीनमध्ये मागे रांग खोळंबलेली असायची. ‘काहीच नाही,’ म्हटलं की म्हणायच्या, ‘आल्झो, असं होय, मग अर्धेच!’ आणि उलट जास्तच वाढायच्या.

तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच. या तर खरोखरच शिक्षिका. मायदेशी शिक्षकांच्या संपात पुढे होत्या, तुरुंगात गेल्या आणि तिथून निसटून जर्मनीत आल्या. आश्रयाचा अर्ज सरकारी कार्यालयाने फेटाळला, म्हणून त्यांनी कोर्टात दाद मागितली. सुनावणी खुली होती. मी आणि कँटीनमधली त्यांची मैत्रीण मागच्या बाकावर बसलो.

‘तुरुंगात काय झालं?’ न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं.

‘उघड्यावर, थंडीत उभं करायचे. अंगावर पाणी ओतणारा पहारेकरी माझाच विद्यार्थी होता. प्रत्येक बादलीआधी म्हणायचा, बाई, माफ करा.’

आदल्याच दिवशी या बाईंनी मला बटाटे वाढले होते.

‘सुटलात कशा?’

‘त्यानेच एकदा दार उघडं ठेवलं.’

‘त्याचं नाव?’

त्यांच्या वकीलबाई त्यांच्या कानाशी लागल्या. हवं तर बाकीच्यांना बाहेर पाठवू, असंही न्यायाधीश म्हणाले.

‘तो अजून तिथेच नोकरीला आहे. नाव नाही सांगणार.’

काही आठवड्यांनी निकाल आला: कोर्टानेही नकार दिला. छळणाराच सोडवतो, आणि त्याचं नावही नाही. हे कोर्टाला पटलं नव्हतं. मी त्यांच्यावरच चिडलो.

‘अहो, एका नावाचा तर प्रश्न होता! तुमच्या जिवावर बेतलंय!’

‘त्याच्याही जिवावर बेतेल,’ त्या म्हणाल्या आणि टेबल पुसत राहिल्या.

पुढच्या अपिलाची परवानगीही मिळाली नाही. एका सोमवारी त्या कामावर आल्याच नाहीत. सकाळीच पोलीस येऊन त्यांना विमानतळावर घेऊन गेले होते. फोन लागेना. आजही लागत नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या मैत्रिणीकडच्या किल्लीने आम्ही त्यांची खोली उघडली. पलंग नीट आवरलेला होता. ओट्यावर एका वाडग्यात हरभरे भिजत घातलेले होते. पाणी आटून गेलं होतं आणि हरभऱ्यांना लांब, पांढरे मोड आले होते.